इंजिन स्वतःचं तेल पितंय

“उतर! दार उघड आणि उतर खाली!” मामा ओरडत होते. चावी काढलेली होती, तरी इंजिनाचा आवाज चढतच होता. निळ्या धुरात गाडीची मागची बाजू दिसेनाशी झाली होती आणि स्टिअरिंगवर मामांची भाची बसली होती.

अध्यक्षस्थानी असलेल्या आमच्या मालकीणबाई, व्यासपीठावरचे हत्यारांचे व्यापारी शेठजी, सत्कारमूर्ती मामा, त्यांच्या धाकट्या भगिनी म्हणजेच आमची हत्यारखोली सांभाळणाऱ्या ताई, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, तुम्हा सर्वांना नमस्कार. हे आधी म्हणायला हवं होतं. पण नमस्काराने सुरुवात केली असती, तर गेल्या गुरुवारच्या दुपारपर्यंत पोचायची माझी हिंमत झाली नसती.

मी या गॅरेजमध्ये गाड्यांची वायरिंग बघतो. भाषण हा माझा प्रांत नाही. मामा, भुवया उंचावू नका. आज तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही, तुमची पाळी माझ्यानंतर आहे.

मामांचं कौतुक काय करावं? टर्बोची गाडी ओढत नाही म्हटलं, की बाकीचे इंजिनात जोराने हवा भरणारा तो पंखा, म्हणजे टर्बोच, बदलायला सांगतात. मामा आधी कान देतात. नुसती हवा सुटल्याचा आवाज असेल, तर पाइप फाटलाय किंवा क्लिप ढिली आहे. सायरनसारखी शीळ असेल, तर आतलं पातं घासतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय. निळा म्हणजे तेल जळतंय. हत्यार सगळ्यात शेवटी. आणि त्यांनी घालून दिलेला नियम इथे कोणाला माहीत नाही? हत्यारखोलीच्या खिडकीशी जायचं, दोष मोठ्याने सांगायचा, तेव्हा ताई हत्यार देणार. नुसतं ‘पाना द्या’ म्हटलं, की आतून आवाज येणार, ‘आधी दोष सांगा.’ मालकीणबाईंनाही ताईंनी एकदा स्क्रूड्रायव्हरशिवाय परत पाठवलं आहे. हसू नका, त्या अध्यक्ष आहेत.

हत्यार विकत घेतानाही हीच तऱ्हा. मामा तळहाताला ग्रीस फासून दुकानात जायचे आणि प्रत्येक पाना पिळून बघायचे. “ग्रीसच्या हातात जो घसरतो, तो तुमच्या काचेच्या कपाटातच शोभतो.” शेठजी कळवळून म्हणायचे, “मामा, पाने सगळे न्या, पण काउंटरला हात लावू नका हो!”

तर गुरुवार. निळ्या धुराची डिझेल गाडी आली. पात्याचा आवाज नीट ऐकता यावा म्हणून मामांनी टर्बोवरचा हवेचा पाइप सोडवला आणि हाताखाली काम शिकणाऱ्या भाचीला म्हणाले, “चालू कर, जरा रेस दे.” तिने दिली. मग पाय काढला. आवाज उतरला नाही.

टर्बोतून गळणारं तेल हवेबरोबर इंजिनात जात होतं आणि इंजिन ते जाळत सुटलं होतं. चावीने डिझेल बंद होतं. तेल कोण बंद करणार? असं इंजिन तेल संपेपर्यंत धावतं, नाहीतर फुटतं. हवा आत ओढणाऱ्या तोंडावर काहीतरी सपाट दाबून त्याची हवा तोडावी लागते. फडकं कोंबलं तर आत ओढलं जातं. हात लावला तर हात जातो.

मामा खिडकीकडे धावले. “अगं, फळी दे! जाड फळी!”

ताईंना खिडकीतून गाडी दिसत नाही. आत कोण बसलंय हे त्यांना कसं कळावं? त्या रोजच्यासारख्या म्हणाल्या, “दादा, आधी दोष सांग.”

मामा पुन्हा ‘फळी! फळी!’ एवढंच ओरडले. मी तिथेच उभा होतो, मलाही दोष सांगायचं सुचलं नाही. उत्तर गाडीतून आलं.

“आई, इंजिन स्वतःचं तेल पितंय!”

आणि पोरीने सगळ्यात वरचा गिअर टाकला, ब्रेक जमिनीपर्यंत दाबला आणि क्लच सोडला. गाडी पुढे उसळली, दणका बसला आणि इंजिन मेलं.

मामा पांढरेफटक पडले होते. “उतर म्हटलं तेव्हा का नाही उतरलीस?”

“मी उतरले असते तर तुम्ही हात घातला असतात.”

त्याच संध्याकाळी मामांनी मालकीणबाईंना सांगितलं, मी आता काम सोडतो, आणि पोरगीही उद्यापासून येणार नाही. म्हणाले, माझा नियम माझ्याच माणसाच्या जिवावर उठला. ताईंनी होकारार्थी मान हलवली. पोरीला कोणी विचारलं नाही. आज ती शेवटच्या रांगेत बसली आहे आणि बोलणाऱ्यांत तिचं नाव नाही.

मामा, तुम्ही थकलात. जा, तुमचा हक्क आहे. पण तिला नेऊ नका. त्या क्षणी तुम्ही फळी मागितलीत. तिने दोष सांगितला. तुमचा नियम तुमच्या जिभेवर आला नाही, तो तिच्या जिभेवर आला. मग तो कोणाच्या जिवावर उठला? ताई, तुम्हीही मला सांगा.

ठीक आहे. हे बोलायला निरोपाचा दिवस निवडला याबद्दल मामांनी रागवावं, पण ऐकून घ्यावं. मालकीणबाईंनी मला मध्ये थांबवलं नाही, त्यांचे आभार. तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचेही आभार. तोंडून अधिक-उणं गेलं असेल, तर पोटात घाला. मी खाली बसतो.

*

मामा त्या दिवशी भाषणाला उभे राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःची गाडी घेऊन आले आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत थांबले. त्यांची पाळी आली तेव्हा गाड्या बघायला भाची समोर होती. गाडी चढावर ओढत नाही, असं त्यांनी सांगितलं. तिने चावी घेतली आणि त्यांना बाकावर बसायला सांगितलं. ते बसले.