‘हॉल’वरची बोली

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना एक बाई शेजारी बसलेल्या, त्यांच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळणाऱ्या तरुणाला म्हणाल्या,

“सौमित्र, आमच्या मंगल कार्यालयात आठवडाभर नुसते विद्यार्थ्यांचे फोन येतायत.”

“येणारच काकू! ‘हॉल’ या शब्दावर सगळ्यांत मोठी बोली लावलीये. नेटवर कुणीही ‘हॉल’ शोधलं, की पहिली जाहिरात आपली.”

“ती मुलं हॉल तिकीट शोधतायत.”

“अच्छा, तरीच एवढे क्लिक!”

“आणि प्रत्येक क्लिकला पैसे माझे. म्हणजे परीक्षा त्यांची, फी मी भरायची.”

“टेस्टिंग चालू आहे, काकू. काही शब्द लावून बघायचे, नाही चालले तर वगळायचे.”

“काल एकानं विचारलं, कॅल्क्युलेटर चालेल का?”

“मग?”

“म्हटलं, इथे फक्त अक्षता चालतात.”

“भारी! आजच ‘तिकीट’ शब्द वगळतो.”

“शब्द असू दे. तुलाच वगळलंय.”