तिसऱ्या टप्प्यातली समाधी

नाही, पण मला तुम्हीच सांगा, शांत संगीत करायचं तर माणसाला आधी थोडी तरी शांतता नको का? आणू कुठून? गंगाकाठी, मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं घर. म्हणजे सकाळी घंटा, दुपारी माकडं, संध्याकाळी कुणाच्या तरी वरातीचा बँड, आणि मधल्या वेळात शेजारच्या मिश्राजींचा मुलगा स्कूटर चालू करून बघतो. जायचं कुठेच नसतं त्याला, नुसतं बघतो! परवा पहाटे संकठा घाटावर जाऊन पाण्याचा आवाज टिपला, वारा लागू नये म्हणून माईकला बाबांचा मोजा घालून... आणि घरी येऊन ऐकते तर काय, पाण्याचं एक चुळुक, लगेच मोटरबोटीचं भटभट, की आलाच पाठोपाठ चहावाला, 'चाय बोलिए, चाय!' आणि लोक इथे विमानाने येतात. मनःशांतीसाठी! आणि म्हणे शांतता!

तर तुम्हाला सांगते, मी काय करते ते आधी समजून घ्या, कारण आमच्या घरात ते अजून कुणालाही समजलेलं नाही. जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत असतं ना, टुंई टुंई टुंई... ते मी घेते. त्यातला ताल काढून टाकते. उरलेली धून ताणते, ताणते, शेवयांसारखी ताणते. खाली तानपुरा, वर थोडा घुमारा, मधून मधून आपली गंगा, चहावाला कापून. जी धून एका शिंकेत संपायची ती अर्धा तास चालते, आणि डोळे मिटून ऐकलीत तर देवाशपथ आत कुठेतरी गाठ सुटते! अनोळखी लोक लिहून कळवतात, तुमच्यामुळे झोप लागली म्हणून. आणि घरी? "निवेदिता, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतोय?" घ्या!

आता आमच्या घरात गल्लीचा आवाज न येणारी खोली एकच, मागची. आणि ती वासुदेवकाकांकडे. बाबांचे थोरले भाऊ. जन्मभर रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात रात्रपाळी केली, कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कुठली आधी सोडायची, आणि रिटायर झाल्यावर माणसं थांबवायला घेतली. ध्यानवर्ग! सकाळी एक, संध्याकाळी एक. मी म्हटलं, काका, दुपारी तर मोकळी असते ना खोली, मला द्या की रेकॉर्डिंगला. तर म्हणतात, "दुपारी खोलीला विश्रांती लागते." खोलीला! मी काय बोलणार? बोलले म्हणा पुष्कळ. उपयोग शून्य.

आणि ध्यान तरी कसलं? एक कॅसेट. हो, कॅसेट, आजच्या काळात! त्यात एक गृहस्थ विहिरीतून बोलल्यासारखे बोलतात, 'आपल्या पायांची बोटं सैल सोडा... आता घोटे सैल सोडा...' आणि ते गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत आमचे नीलकंठकाका घोरायला लागलेले. नीलकंठकाका म्हणजे काकांचे ऑफिसातले जिवलग, शेजारच्या खुर्चीवरचे. काकांनी कौतुकाने काय म्हणावं? "नीलकंठाची समाधी फार लवकर लागते." पुढच्या सतरंजीवर एक समाधी खर्रखर्र करतेय, मागे प्रभावतीकाकू मनातल्या मनात भाजी ठरवतेय, बाहेर स्कूटर... आणि म्हणे शांतता!

पण देव असतो हो. एका संध्याकाळी कॅसेट अडकली. घोटे सैल सोडा, घोटे सैल सोडा, घोटे घोटे घोटे... आणि फट्! फीत सगळी बाहेर. मी दारातच उभी. म्हटलं, काका, माझं लावू का? काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझं ते टुंई टुंई?" म्हटलं, टुंई टुंई नाही, शांतिसंगीत आहे. व्हिडिओ गेमचं आहे हे मी सांगितलं नाही, वेडी आहे का मी? लहानपणी निनाददादाचा, म्हणजे काकांच्या मुलाचा, जुना गेम माझ्या वाट्याला आला होता, तेव्हा याच काकांनी मला किती ऐकवलंय! डोळे जातात, बुद्धी जाते, मग संस्कार जातात, असा जाण्याचा क्रमसुद्धा ठरलेला. रविवारी अर्धा तास मिळायचा, तोही काका मागे पेपर घेऊन बसणार. माझ्यावर लक्ष ठेवायला.

शेवटी काकू मध्ये पडली. "लावू द्या हो पोरीला एकदा." तेव्हा काकांनी अट घातली. "ठीक है. उद्या सकाळच्या वर्गाला लाव. पूर्ण अर्धा तास कुणीही हललं नाही, तर दुपारची खोली तुझी. कुणी एक जरी हललं, तर पुन्हा नाव काढायचं नाही. आणि बँकेचा फॉर्म भरायचा." बाबा लगेच दारातून, "हे बरंय!" सगळे मिळालेले आहेत एकमेकांना!

आता मी काय लावावं? माझी सगळ्यात चांगली चीज. त्याच जुन्या गेममधली. दोन कासवं असतात, दोघांनी मिळून खेळायचं, बुडालेल्या राजवाड्यातून खाली खाली जायचं. त्यातला तिसरा टप्पा, पाण्याखालचा... काय धून आहे हो ती! आणि मोठा मासा तोंड उघडायच्या आधी एक सूर हळूच वर चढतो, तो मी मुद्दाम ठेवलाय. तोच तर जीव आहे त्यातला.

सकाळी सगळे बसले. काका समोर, पाठ ताठ, अंगठा आणि तर्जनी जुळवून. बाजूला नीलकंठकाका. मागे काकू. मी कोपऱ्यात. लावलं.

आणि तुम्हाला काय सांगू... कुणी हलेना! तानपुरा, मग पाणी, मग ती धून लांबून आल्यासारखी. नीलकंठकाका घोरेनात! काकूच्या कपाळावरची भाजीची आठी गेली! बाहेर स्कूटरसुद्धा गप्प! म्हटलं जिंकले, आता पडदा कुठला लावायचा, टेबल कुठे ठेवायचं... तेवढ्यात माझं लक्ष काकांच्या हाताकडे गेलं.

अंगठा हलत होता.

डावा. दाब, दाब, थांब. मग उजवा, टक्. पुन्हा डावा. मी नीलकंठकाकांकडे पाहिलं, तर त्यांचेही! डोळे मिटलेले, चेहरा ऋषीसारखा, आणि अंगठे दाब, दाब, टक्! दोघांचे बरोबर एका वेळी! मला वाटलं, कंपवात की काय दोघांनाही! आणि तेवढ्यात तो सूर आला हो, वर चढणारा... चढतोय, चढतोय, मी ताणलेला, संपतच नाही... नीलकंठकाका बसल्या जागी पुढे झुकले, आणि एकदम गर्जना, "अरे कूद! कूद, वासू, मछली आ रही है, कूद!"

आणि आमचे काका, ध्यानवर्गाचे संचालक, डोळे मिटलेल्या अवस्थेत, "मर गया यार!"

आणि म्हणे शांतता!

मग काकूने डोळे उघडले. "कसली मछली?" नीलकंठकाका सतरंजीचे दोरे मोजायला लागले. "अहो, कसली मछली?" काका छताकडे बघतायत. शेवटी नीलकंठकाकाच फुटले. "वहिनी, ते... रात्रपाळी करून आम्ही इथे झोपायला यायचो ना... निनाद शाळेत गेलेला असायचा... गेम तसाच लावलेला असायचा..."

"झोपायला!" काकू उठली. "ह्यांची झोप मोडू नये म्हणून मी कुकर शेजारी मिश्राजींकडे नेऊन लावायची! दूधवाल्याला कडी वाजवू दिली नाही! डाळसुद्धा हळू निवडली मी, दाण्याचा आवाज होईल म्हणून! आणि मी एकदा विचारलं होतं, आतून टुंई टुंई कसलं येतंय, तर काय म्हणालात?"

काका अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पंखा."

"पंखा! दर उन्हाळ्यात तो चांगला पंखा उतरवून दुरुस्तीला नेत होते मी! दुकानदार म्हणायचा, 'भाभीजी, इसमें कुछ नहीं है.' मी त्यालाच अडाणी म्हटलं!"

मी हसायला तोंड उघडलं, खरं सांगते, बरीच वर्षं वाट पाहिली होती मी या दिवसाची, संस्कार, डोळे, बुद्धी, एकेक परत करणार होते... पण काका बोलायला लागले. काकूकडे न बघता, हातांकडे बघत. "रात्रभर दोन गाड्या एका रुळावर येऊ नयेत एवढंच बघायचं, प्रभा. सकाळी डोळे मिटले की रूळच दिसायचे. झोप येणार कशी? ती कासवं पाण्यात उतरली, हे संगीत सुरू झालं, की जरा... थांबायचं सगळं डोक्यातलं. मग लागायची झोप. बसल्या बसल्या."

तुम्हाला सांगते, मी गप्प बसले. मी! मी एवढी भांडले, एवढं सगळ्यांना पटवत फिरले की या टुंई टुंईत काहीतरी आहे, आणि पहिला माणूस ज्याची गाठ त्याने सुटली होती तो माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याच मागच्या खोलीत बसलेला! त्या एका मिनिटात, खरोखर, कसलाही आवाज नव्हता.

मग काकांनी घसा साफ केला. "तरीही अट ती अट. लोक हलले. खोली नाही."

"लोक नाही, तुम्ही हललात," काकू म्हणाली. "खोली पोरीची. आणि फॉर्मचं नाव कुणी काढलं तर कुकर उद्यापासून त्याच्या उशाशी लावेन." बाबा दारातून नाहीसे. मी काकूच्या गळ्यातच पडले! तिने मला बाजूला केलं, पदर खोचला, नवऱ्याकडे वळली. "आणि आता मलाही दाखवा, एवढं काय होतं त्यात."

झालं. त्याच दुपारी माझं टेबल लागलं, पडदा लागला, कॉम्प्युटर आला, त्याच्यात तो गेम आलाच. खोलीवर पाटीसुद्धा माझ्या नावाची आहे. येऊन बघा केव्हाही. दुपारी जेवणं झाली की काका आणि नीलकंठकाका खेळतात, ज्याचं कासव आधी मरेल त्याच्या जागी काकू बसते, आणि काकू एकदा बसली की उठत नाही, काल नीलकंठकाकांना भर खेळात म्हणाली, "भावजी, उडी मारता येत नसेल तर घरी जा!" संगीत मूळच्या वेगात, पूर्ण आवाजात. मी म्हटलं, अहो, मला रेकॉर्डिंग करायचंय, तर तिघंही एका सुरात, "शू! तिसरा टप्पा!"

मी दाराशी सतरंजीवर बसते. डोळे मिटते, घोटे सैल सोडते... खोली माझीच आहे हो. फक्त नंबर लागत नाही.