मागच्या उतारावरील जास्वंदी छाटल्याबाबत

मी, जखमी इसमाची पत्नी, आळीत मला सगळे माई म्हणतात, वय ६४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार चढावरच्या रस्त्याचे शेवटचे घर, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती दोघेच राहतो. पती बसचालक म्हणून निवृत्त झाले आहेत. मुलगी परगावी असते. पतीचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, आमच्याच रस्त्यावर खाली राहतात.

आमची बाग घराच्या मागे आहे. बाग कसली, नुसता उतारच आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून थेट खाली सिमेंटच्या उभ्या पायऱ्या होत्या. तळाला मोठ्या झाडाखाली बाकडे आहे. पती रोज सकाळी तिथे जाऊन बसत. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून ते डावा पाय ओढत चालतात. डॉक्टरांनी पायऱ्यांना कठडा बसवायला सांगितले. मी वेल्डरला माप घ्यायला बोलावले. पतीने त्याला दारातूनच पिटाळले. "त्यापेक्षा घरात लुळा माणूस आहे अशी पाटीच लाव ना!" असे ते मला म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते खालीही गेले नाहीत आणि माझ्याशी धड बोललेही नाहीत.

म्हणून मी बागच नव्याने करायला घेतली. सगळ्यांना सांगितले की मला आता निवांत बसायला रानासारखी बाग हवी. पायऱ्या फोडून घेतल्या. उतार आडवा कापत उतरणारी वळणावळणाची पायवाट केली, दगडांचे बुटके बांध घातले, मधल्या जागेत गवत मोकळे वाढू दिले. पायवाटेच्या दोन्ही कडांना, हात टाकला की फांदी सापडेल इतक्या जवळ जवळ जास्वंदी लावल्या. जास्वंदीची फांदी वाकते, पण सहसा तुटत नाही. कमरेच्या वर मी त्या जाऊ दिल्या नाहीत. त्या जून होईपर्यंत काही ना काही निमित्त काढून मी पतीबरोबर उतरत असे. नंतर ते एकटे जाऊ लागले. जास्वंदी कशासाठी आहेत हे मी कोणालाही सांगितले नाही. पतीलाही नाही.

दिरांच्या डोळ्यांत ही बाग पहिल्यापासून खुपत होती. "वहिनी, बाग आहे की जंगल? एक दिवस साप निघेल बघा," असे ते येता-जाता ऐकवत. मी हसण्यावारी नेत असे.

गेल्या आठवड्यात आम्ही मुलीकडे गेलो. झाडांना पाणी घालण्यासाठी किल्ली दिरांकडे दिली. पाणी घाला, एवढेच सांगितले होते. दिरांनी नुकतेच झाडे छाटायचे मशीन घेतले आहे, तेव्हापासून त्यांचे हात शिवशिवत असतात. आम्ही नसताना त्यांनी सगळ्या जास्वंदी जमिनीलगत कापल्या, गवत काढले आणि पायवाट झाडून ठेवली. त्यांच्या मते ती आता मोकळी झाली.

काल आम्ही अंधार पडल्यावर परतलो. दीर किल्ली द्यायला आले तेव्हा गालातल्या गालात हसत होते. "सकाळी मागचं दार उघडा, मग बोला," असे म्हणून गेले. मी प्रवासाने दमले होते, मागे डोकावले नाही.

आज सकाळी मी चहा टाकला होता. पती नेहमीप्रमाणे मागच्या दाराने बाहेर पडले. अजून नीट उजाडले नव्हते. पहिल्या वळणापर्यंत घराची भिंत हाताशी असते. त्याच्या पुढे फक्त जास्वंदी होत्या. मला पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले. पती दुसऱ्या वळणाखाली पालथे पडले होते. उजवा हात पुढे होता आणि मूठ आवळलेली होती. मुठीत काही नव्हते.

त्यांचे खुब्याचे हाड मोडले आहे. इस्पितळात दीर आले आणि मलाच म्हणाले, "वहिनी, एकदा सांगायचं तरी होतं!"

मी म्हटले, "काय सांगायचं होतं, भाऊजी? तुमच्या दादाला धरायला झाडं लागतात, हे?" त्यावर ते डोके धरून बाकावर बसले. अजून तिथेच आहेत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार आहे का, असे मला विचारण्यात आले. दिरांनी वाईट हेतूने काही केलेले नाही. पण चीड आहे. त्यांच्या हौसेची आहे, नवऱ्याच्या ताठ्याची आहे, आणि नवऱ्याशी एकदा तोंड उघडून भांडायचे टाळण्यासाठी मी अख्खा उतार खणून काढला, याची सर्वांत जास्त आहे. हे कोणत्या कलमात बसते ते हवालदारांनी बघावे.

दुपारी इंजेक्शनची गुंगी उतरल्यावर पतीने मला जवळ बोलावले आणि विचारले, "अगं, आपला कठडा कोणी तोडला?"

त्या वेल्डरनंतर आमच्या घरात हा शब्द कोणी काढलेला नव्हता.

माझे सांगणे एवढेच. लिहिलेले मला सावकाश वाचून दाखवले. मी बोलले तसेच ते आहे आणि खरे आहे.