मशीनचं आवतन

…अन् वरून म्हणते कसं, ‘ओळखत नाही!’ तुम्हाले सांगते बायांनो, माझ्याच ओसरीत बसून, माझीच लाईट खाऊन ते कम्प्युटर मालकालेच म्हणते, ओळखत नाही! एक नाही, सहाच्या सहा! उद्यापासून त्याच्यावरच बोंडअळीच्या भरपाईचे अर्ज भरायचे, साऱ्या उंद्री गावाचा बीटी कापूस अळीनं पोखरला, अर्ज नाही गेला तं पंचनामा नाही… अन् शेजारच्या बद्रुद्दीनभाईंची समीना, एवढी हुशार पोरगी, तिनंच मांडले ते सहाही, अन् सकाळपासून डोक्याले हात लावून!

म्हटलं, “काऊन वं, बिघडलं का?”

“नाही काकू, पेनड्राइव्ह लावला की लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी सिस्टीम, आपोआप बसते. मशीनच्या घरमालकाचं एक खातंही आपल्या मनानंच बनवते, बाकीच्यांची कुलपं त्यानंच उघडायची. पण त्या नावानं गेलं तं म्हणते, ओळखत नाही!”

पासवर्ड बदलला, पुन्हा बसवलं… ओळखत नाही! मी महादेवाले बेल वाह्यला, एक पान मशीनवरही ठेवलं. समीना हसली, मशीन काही हसलं नाही.

तेवढ्यात समोरच्या गीताबाई दारातूनच सुरू! “मंजुळाबाई, उद्या तुमचं सोळा सोमवाराचं उद्यापन, अन् आवतन देताना माझ्या दोन्ही सुनांची नावं घेतली. माझं? मी का उपरी आहो त्या घरात?”

आता मले सांगा, घर जिचं ती तं येतेच ना? नाव कायले घ्या लागते?

“घ्या लागते! नावं घेतली तं नाववालेच येतील. नाही तं चूलबंद आवतन द्या, साऱ्या घराले!”

समीना टणकन उठली! “काकू, मशीनचंही हेच झालं! मी पेनड्राइव्हमधल्या यादीत अर्ज भरणाऱ्या पोरींची नावं लिहून देली, अन् मालकाले गृहीत धरलं. यानं नाववाले तेवढे घेतले, मालकाचं खातं बनवलंच नाही!”

तिनं यादीत एक ओळ वाढवली, मालकालेही घ्या म्हणून. पुन्हा बसवलं… अन् काय सांगू! खटाखट सहाही उघडली! समीनानं मले उचलूनच घेतलं, गीताबाई रुसवा विसरून टाळ्या पिटून राह्यल्या!

सोमवारी पहिला अर्ज गीताबाईंच्याच वावराचा गेला, मग हीऽ रांग! मी अशी हरखली, म्हटलं आता कोणी रुसायले नको, अन् रांगेतल्या एकेकाले चूलबंद आवतन देऊन बसली… आले ना! लेकरंबाळं घेऊन आले! उद्यापनाच्या चुरम्याच्या गंजात, एवढ्या मोठ्या पातेल्यात पाह्यलं, तं बुड चकचकीत!

काय करता… उपास माझा, अन् सोडला साऱ्या उंद्रीनं!