गेमात शिरलेला अनोळखी

तुम्हाले खोटं वाटन, पण कंपनीनं बंद केलेला ऑनलाइन गेम आम्ही मारेगावातून चालवला. दोस्त विनोदच्या मोबाईल दुकानातला कॉम्प्युटर हाच आमचा सर्व्हर. कापसाले भाव नव्हता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, खेळणारे मात्र वाढत होते.

एका दुपारी गेमात कोणी अनोळखी शिरला. लढेना, बोलेना, नुसता विनोदच्या मागं मागं फिरे.

"कंपनीचा माणूस हाय बे! केस ठोकते आता. बंद कर," विनोद घाबरला.

"थांब," म्हणून मी विनोदच्याच खात्यावरून लिहिलं, "कोन हायेस तू?"

उत्तर आलं, "विन्या, बाबा अजून रागातच हायेत काय?"

घरच्यांच्या मर्जीबाहेर लग्न करून उमरखेडले गेलेली त्याची ताई होती. पहिले दोघं हाच गेम खेळत.

विनोदनं खुर्ची ओढली. "तू दुकान पाह्य. मी बोलून राह्यलो."