लाल उजेड

"थेंब घालून इसरलं का काय आपल्याला?"

मंचरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो. शेजारचे दोघं अवसरीचे नवराबायको, आवाजावरून साठीचे.

"बसा गप. घाई कसली?"

"सोमवारी जीपमधून शाळेची पोरं न्यायचीत. त्या पोलिसानं घोटाळा केला बघ. गाडीचा वेग मोजायची बंदूक रोखली, तिचा लेझर डोळ्यात गेला."

"डॉक्टर म्हनले, त्यानं डोळा बिघडत न्हाई. त्यो उजेड दिसतबी न्हाई."

"मला दिसला ना. लाल. ढगावानी तरंगत आला, काचेपाशी हालला आन् इरून गेला. लई सुंदर व्हता, खोटं कशाला बोलू."

"कुठं?"

"आपल्या फाट्यावर, वडाखाली."

तिच्या बांगड्या वाजल्या; ती त्याच्याकडे सरकली असावी.

"पोलीस तर पार पुढं, पुलावर व्हता."

"मग लाल काय व्हतं?"

"माझं लुगडं. गाडी थांबवाया हात करीत रस्त्यात उभी व्हते. तुमी सरळ आलात, मीच मागं सरले."

"बोलली न्हाईस."

"आज बोलते, सोमवारी जीपमधी पोरं बसायचीत. अवं, तुमाला आता दिसत न्हाई."