रेडिओतली खरखर आणि हाकामारीची वाट

ऐका. मध्ये कुणी खोकू नका, माझी लिंक तुटती.

अंधार पडून दोन घटका झाल्या असतील. माझी बहीण आक्का दारात आली. "दादा, पोपट अजून आला न्हाई रं! फोनबी लागंना." पोपट म्हंजे माझा भाचा. डाळिंबावर फवारणी करायला गेलेला, पाठीवर बॅटरीचा पंप घेऊन. मी काठी घेतली, बॅटरी घेतली आणि रेडिओ घेतला. निघालो.

वाट कुठली? मोडक्या विहिरीकडची. हाकामारीची, रातच्याला हाका मारून माणूस ओढून नेणाऱ्या भुताची! आपल्याकडची रीत ठावं हाय ना? त्या वाटेला रात्री कुणाचं नाव घ्यायचं न्हाई, तिला नाव कळतं. आणि हाक आली तर तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई. ती दोनदाच मारती. म्हणून मी भाच्याला शोधायला निघालो, ते तोंड शिवून! हसा, हसा. रेडिओवर भजन मोठ्यानं लावलेलं, तेवढाच आधार.

विहिरीच्या अंगाला आलो आणि भजनात खर्रर्र! चार पावलं मागं गेलो, भजन साफ. पुढं आलो, खर्रर्र! आता सांगा, भुताला रेडिओचं काय वाकडं? मी नवलच करत उभा राहिलो. तेवढ्यात अंधारातनं बारीक आवाज आला.

"मामाऽऽ..."

आयव! अंगावर सरसरून काटा. गप राहिलो. परत हाक आली, "मामाऽऽ!" पोपटाचाच आवाज! ती सोंग घेती, असं म्हातारी माणसं सांगायची. तिसरीची वाट बघायला थांबतंय कोण? धोतर सावरलं आणि पळत सुटलो ते थेट डाळिंबात.

तिथं पोपट न्हाई. पंप न्हाई. औषधाचा रिकामा डबा तेवढा पडलेला. आणि रेडिओ? स्वच्छ वाजतोय. मी त्याच्याकडं बघत बसलो. ही खरखर कुठंतरी ऐकलीय... सूनबाईनं मिक्सर लावला की ऐकू येती. आणि पोपट अंगणात पंप चालू करतो तवा! त्यात बारकी मोटर असती, ती फिरली की रेडिओ बोंबलतो. कितींदा शिव्या घातल्यात त्याला!

भूत कशाला मोटर फिरवील?

पळालो माघारी. विहिरीच्या अंगाला खरखर आली, पण आता मरतुकडी. पंपाची बॅटरी बसत चाललेली. रेडिओ हातात फिरवून बघितला. त्याचं टोक झुडपाकडं केलं की खरखर दबायची, आडवा धरला की वाढायची. स्टेशन लावतानाबी असंच हुतं, टोक स्टेशनाकडं केलं की आवाज पडतो. इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं, टोक त्याच झुडपाकडं. शिरलो घाणेरीत. पुढं पाय टाकणार, तर खाली जमीनच न्हाई! विहीर!

"पोपट!" ओरडलो. रीत गेली खड्ड्यात.

खालनं नुसतं कण्हणं. उजेड मारला. पोरगं गळ्याइतक्या पाण्यात, उंबराच्या मुळीला धरून. पंप कपारीत अडकून घुरघुरतोय. मी फेटा सोडून टोक खाली टाकलं, म्हटलं, काखेतनं गुंडाळ. दुसरं टोक झाडाला बांधलं. गाठ आवळली आणि खाली मुळी काडकन तुटली! बोंब मारून मारून वस्तीवरची माणसं गोळा केली, तवा वर आला.

बाजेवर टाकला. पाय मोडलेला, ओठ निळे. आक्का त्याचे तळवे चोळत माझ्या पाया पडाय लागली, तिला वाटलं मी लई मोठं काम केलं. पोपटानं डोळे उघडले.

"मामा, मगाशी रेडिओ ऐकू आला मला. दोनदा हाक मारली. तिसरी मारायला आवाजच फुटंना. ओ का न्हाई दिली?"

लाज वाटली हो मला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून सांगतो, त्या वाटेनं रात्री जाऊ नका. हाकामारी हाय का न्हाई, मी बघितली न्हाई. पण विहिरीला कठडा न्हाई. आणि आत पडलात, तर वरनं जाणारा माणूस माझ्यासारखाच असंल.